बाळाचं औषध, आईला

आमच्या भागात कुणाचं बाळंतपण लवकर झालं की शेजारीपाजारी एकच वाक्य फिरतं, ‘बाळ काचेत ठेवलंय.’ ऐकणारा हळहळतो, देवाला हात जोडतो आणि गप्प होतो. कितवा आठवडा होता, वजन किती भरलं, श्वास स्वतःचा आहे की मशीनचा, हे हळूहळू कळत जातं. पण कळा सुरू झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतच्या वेळात आईला इंजेक्शन दिलं होतं का, हा प्रश्न घरच्यांपैकी क्वचितच कुणाच्या तोंडी असतो. काचेतल्या पुढच्या दिवसांचं बरंचसं भवितव्य त्या मधल्या वेळात ठरतं. म्हणून जयसिंगपूर आणि भोवतालच्या शिरोळ तालुक्यातल्या आशाताई, परिचारिका, सासवा, नवरे आणि स्वतः गरोदर बायका यांच्यासाठी हा विषय मराठीत सविस्तर मांडायला हवा होता, असं मला फार दिवस वाटत होतं.

इंजेक्शन अगदी साधं आहे. डेक्सामेथासोन. दोन मिलिलिटरची छोटी काचेची बाटली, तिच्यात पाण्यासारखं औषध, एका मिलिलिटरला चार मिलिग्रॅम. आईला एका वेळी सहा मिलिग्रॅम, म्हणजे सिरिंजमध्ये दीड मिलिलिटर घ्यायचं आणि स्नायूत टोचायचं. दर बारा तासांनी एक, असे चार डोस. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत छत्तीस तास. काही दवाखान्यांत याच जातीचं बीटामेथासोन वापरतात, बारा मिलिग्रॅमचे दोन डोस, चोवीस तासांच्या अंतराने. दम्याला, ॲलर्जीला हीच औषधं वर्षानुवर्षं दिली जातात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटातही ती असतात आणि त्यांची किंमत इतकी कमी आहे, की पैशावाचून कुणाचं अडावं असं काही नाही.

हे औषध आईच्या रक्तातून वारेत जातं आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं. शरीरातलं नैसर्गिक कॉर्टिसॉल किंवा प्रेडनिसोलोन वार बरंचसं निकामी करून टाकते; ही दोन त्यातून निसटतात, म्हणून निवड त्यांची. बाळाच्या फुप्फुसात लाखो बारीक पिशव्या असतात. त्यांच्या आतून एक स्निग्ध थर असावा लागतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो नसेल तर श्वास सोडला की प्रत्येक पिशवी ओल्या प्लास्टिकसारखी आतून चिकटते आणि पुढच्या श्वासाला ती पुन्हा उघडायला बाळाला जिवाच्या आकांताने जोर लावावा लागतो. बरगड्या आत ओढल्या जातात, नाकपुड्या फुलतात, कण्हल्यासारखा आवाज येतो. हा थर चोविसाव्या आठवड्याच्या आसपास तयार होऊ लागतो आणि पुरेसा व्हायला चौतिसावा-पस्तिसावा आठवडा उजाडतो. इंजेक्शनामुळे ही तयारी घाईने होते. फायदा एवढ्यावरच थांबत नाही. मेंदूत होणारा रक्तस्राव कमी होतो, आतड्याचा एक जीवघेणा आजारही कमी होतो.

सर्फॅक्टंटच्या अभावानेच ही बाळं गुदमरतात हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. तरी पुढची काही वर्षं डॉक्टरांच्या हातात फार काही नव्हतं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला, वजन दोन किलोच्या वर होतं, बोस्टनमधल्या सगळ्यात चांगल्या डॉक्टरांनी शर्थ केली, आणि दोन दिवसही पूर्ण होण्याआधी तो गेला. तेवढ्या वजनाचं, तेवढ्या दिवसांचं बाळ आज सांगली-मिरजेच्या एखाद्या बऱ्या दवाखान्यात बहुतेक वेळा जगतं आणि आईच्या कुशीत घरी जातं.

या उपायाचा शोध मेंढ्यांमध्ये लागला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधले प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स यांना वेगळाच प्रश्न छळत होता: कळा सुरू कोण करतं, आई की बाळ? गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकराला ते स्टेरॉइड देऊन पाहत होते. कोकरं वेळेआधी जन्मली. इतक्या आधी जन्मलेलं कोकरू मरायलाच हवं होतं, पण एक श्वास घेत होतं. त्याची फुप्फुसं उघडून पाहिली तर त्यांत हवा भरलेली. लिगिन्स यांचा मूळ प्रश्न बाजूला राहिला आणि त्यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना बरोबर घेतलं. १९७२ मध्ये दोघांनी २८२ आयांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजेक्शन मिळालेल्या गटात श्वासाचा आजार नऊ टक्के बाळांना झाला, न मिळालेल्या गटात जवळजवळ सव्वीस टक्क्यांना. पहिल्या आठवड्यातले मृत्यू पंधरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांच्या आसपास आले.

इतका स्पष्ट निकाल हाती आल्यावर जगभरच्या प्रसूतिगृहांत दुसऱ्या वर्षापासून हे इंजेक्शन सुरू व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. पुढची वीस वर्षं डॉक्टर कचरत राहिले. स्टेरॉइड म्हटल्यावर भीती, आईला जंतुसंसर्ग होईल ही शंका, आणि लहान लहान अभ्यासांचे एकेकटे पाहिले तर पुसट वाटणारे निकाल. ते सगळे अभ्यास एकत्र ठेवून पाहिल्यावर १९९० च्या सुमारास पॅट्रिशिया क्राउली यांनी दाखवलं, की शंकेला जागाच उरलेली नाही. वैद्यकीय पुरावा नीट एकत्र करण्यासाठी १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा आहेत, त्या याच इंजेक्शनाच्या अभ्यासांच्या आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांची परिषद भरून ठाम शिफारस होईपर्यंत तिथल्या पाच पात्र बायकांतल्या एकीलाही ते मिळत नव्हतं. त्या वीस वर्षांत, औषध कपाटात असताना गेलेल्या बाळांचा विचार मनातून जात नाही. न्यूझीलंड-अमेरिका फार दूर आहेत असं म्हणून तो सोडून देता येत नाही. आपल्या तालुक्यातही औषध कपाटात असतं आणि प्रश्न तोच असतो.

पण या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्या दाराशी घडली आहे.

२०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेलेला एक प्रचंड अभ्यास सहा देशांत झाला: अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारत. भारतातली त्याची दोन ठिकाणं म्हणजे नागपूर आणि बेळगाव. बेळगावचं काम तिथल्या केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाकडे होतं. म्हणजे जयसिंगपुराहून गाडीने दोन-तीन तासांवर. जवळपास एक लाख जन्म त्यात मोजले गेले. कल्पना सरळ होती: एवढं स्वस्त, एवढं गुणकारी इंजेक्शन मोठ्या दवाखान्यातच का अडकून राहावं? गावपातळीवर, नर्सच्या हातात द्या. लवकर बाळंत होईल असं वाटलं की टोचा आणि पुढे पाठवा.

निकाल उलटा आला. सगळ्यात लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. आणि सगळी बाळं मिळून पाहिली तर ज्या भागात ही मोहीम राबवली तिथे दर हजारी जन्मांमागे सुमारे साडेतीन नवजात मृत्यू जास्त झाले. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. औषध तेच, मात्रा तीच. मग बिघडलं कुठे?

बऱ्याचशा बायकांचे दिवस नक्की माहीत नव्हते. पाळीची तारीख कळली नाही, तर पोटावर रंगीत पट्ट्यांची टेप लावून पिशवीची उंची मोजायची आणि टेपवरच्या रंगावरून महिना ठरवायचा, असा उपाय होता. त्यातून इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच आयांची बाळं मुळात तेवढी कच्ची नव्हतीच. त्यांना औषधाचा लाभ काही नव्हता, होता तो धोकाच. आणि जी खरोखर कच्ची होती त्यांतली कितीतरी अशा ठिकाणी जन्मली, जिथे श्वासाला आधार द्यायची, ऊब द्यायची सोय नव्हती. फुप्फुस थोडं तयार झालं, पण बाळाला धरायला पुढे कुणी नव्हतं.

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. हे इंजेक्शन एकट्याने काम करत नाही. त्याच्या आधी तारीख लागते आणि त्याच्या नंतर दवाखाना लागतो.

तारखेचं बघा. दिवाळीच्या आसपास आपल्याकडे गळीत हंगाम सुरू होतो आणि शिरोळ, हातकणंगल्याच्या फडांत बीडकडच्या टोळ्या उतरतात. नवराबायकोची जोडी, तिला ‘कोयता’च म्हणतात. बाई पोटुशी असली तरी ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. उचल घेतलेली असते, खाडा परवडत नाही. तिचं नाव गावाकडच्या दवाखान्यात घातलेलं असतं, कार्ड घरी ट्रंकेत राहिलेलं असतं, सोनोग्राफी झालेली असेलच असं नाही. संक्रांतीच्या सुमारास तिला कळा येतात. खोपीत आलेली आशाताई विचारते, ‘ताई, पाळी शेवटची कधी आली हुती?’ ती इंग्रजी महिना सांगत नाही. सण सांगते. ‘वटपुनवंला’ म्हणाली तर तीस-एकतीस आठवडे झाले. अशा वेळी इंजेक्शनाइतकं मोलाचं दुसरं काही नाही. ‘नागपंचमीला’ म्हणाली तर तेवीस-चोवीस, म्हणजे जगण्याच्या अगदी काठावर, आणि निर्णय मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवा. दोन सणांत सात आठवड्यांचं अंतर. मधे अधिक महिना पडला असेल तर अकरा. सणावरून तारीख काढणाऱ्या आशाताईंना मी मनापासून मानतो, कारण बाईला आठवेल असा प्रश्न त्या विचारतात. ‘सणाच्या आधी का नंतर? उपास धरता आला होता का?’ एवढं विचारलं तरी आठवडा पुष्कळ पक्का होतो.

पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी आठवड्याच्या आत-बाहेर नेमकी तारीख सांगते. शेवटच्या तीन महिन्यांतली दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून तिसऱ्या महिन्याआधी नाव घालणं हा सरकारी कार्डावरचा नुसता रकाना नव्हे. पुढे सातव्या महिन्यात अचानक पाणी गेलं, तर त्या रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरला इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्या जुन्या कागदावरूनच ठरवावं लागतं.

दवाखान्याचं म्हणाल तर आपण नशीबवान आहोत. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आखून वसवलेलं जयसिंगपूर हे बाजारपेठेचं गाव आज डॉक्टरांचंही गाव झालंय. गल्लीच्या नंबरावरून पत्ता सांगत पलीकडच्या कर्नाटकातूनही पेशंट येतात. अर्ध्या तासावर मिरज आहे. तिथे वान्लेस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशन रुग्णालय सुरू केलं आणि गावाला दवाखान्यांची ओळख दिली. मिरजेचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीचं सिव्हिल आहे, तासाभरावर कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय. मराठवाड्यातल्या किंवा मेळघाटातल्या बाईपुढे जेवढा रस्ता असतो तेवढा आपल्या बाईपुढे नाही. पुराच्या दिवसांची गोष्ट निराळी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेने शिरोळ तालुक्याला बेट करून टाकलं, तेव्हा जवळचा दवाखानाही लांबचा झाला. ज्या गरोदर बाईचे दिवस पावसाळ्यात भरत येणार आहेत किंवा जिला आधी कधी लवकर बाळंतपण झालंय, तिने पाणी चढायच्या आधीच नदीपलीकडे पाहुण्यांकडे जाऊन राहावं. हे घरच्यांनी आधी ठरवून ठेवायचं असतं.

बेळगावच्या त्या निकालानंतर पाच वर्षांनी दुसरा निकाल आला. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया या पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत पुन्हा अभ्यास केला. बेळगावची मंडळी यातही होती. या वेळी अटी पाळल्या गेल्या. सोनोग्राफीने दिवस पक्के केलेले, सव्वीस ते चौतीस आठवड्यांच्या आतल्याच बायका, आणि बाळासाठी पुरेशी सोय असलेलेच दवाखाने. २८५२ आया सहभागी झाल्या. डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात १९.६ टक्के नवजात बाळं दगावली, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के. फायदा इतका उघड दिसला की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला. साधारण पंचवीस आयांना इंजेक्शन दिलं की एक बाळ वाचतं, असा तो हिशेब. आयांचा जंतुसंसर्ग वाढला नाही.

या आकड्यांतली एक गोष्ट घरच्यांपासून लपवू नये. इंजेक्शन मिळूनही जवळजवळ पाचातलं एक बाळ गेलं. डॉक्टरांनी वेळेवर सगळं केलं तरी असं होऊ शकतं, आणि तेव्हा आईला ‘तूच जपलं नाहीस’ असं ऐकवणं हा अन्याय आहे.

२०१४ मध्ये केंद्र सरकारने या इंजेक्शनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या: चोवीस ते चौतीस आठवडे, डेक्सामेथासोन, आणि पुढे पाठवण्याआधी उपकेंद्रातल्या नर्सनेही पहिला डोस द्यावा. पहिल्या डोसनंतर एक दिवस ते सात दिवस या काळात बाळंतपण झालं तर फायदा सर्वाधिक. पण चारही डोस पुरे झाले नाहीत म्हणून सगळं वाया गेलं, असं नसतं; अर्धवट राहिलेलाही उपयोगी पडतो. म्हणून दिवस पक्के असतील आणि ताप किंवा जंतुसंसर्गाची लक्षणं नसतील, तर १०८ ची गाडी यायच्या आत पहिला डोस दंडात जायला हवा. वेळ आणि मात्रा चिठ्ठीवर ठळक लिहायला हवी, म्हणजे पुढच्या दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होणार नाही. कळा थांबवायच्या गोळ्या देतात त्याही मुख्यतः याच कारणाने: दोन दिवस मिळावेत, इंजेक्शनाला काम करू द्यावं, बाईला योग्य ठिकाणी पोचवावं. त्या गोळ्यांनी नऊ महिने पुरे होतील अशी आशा कुणी धरू नये.

याच काळात द्यायचं दुसरं औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. बाळंतपणातल्या झटक्यांवरचं औषध म्हणून परिचारिका ते चांगलं ओळखतात. बत्तीस आठवड्यांच्या आत बाळंतपण होणारच असेल, तर जन्माआधीच्या तासांत तेच औषध आईला दिल्याने बाळाला पुढे सेरेब्रल पाल्सी होण्याची शक्यता घटते. याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं.

आणि आता उलट टोक. ‘फुप्फुसाचं इंजेक्शन’ हे नाव एकदा कानावर पडलं की घरची माणसंच मागणी करू लागतात. सातवा-आठवा महिना लागला, काही तक्रार नाही, तरी ‘घेऊन ठेवू या’. घेऊन ठेवायचं हे औषध नव्हे. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या ज्या मुलांना पोटात असताना हे स्टेरॉइड मिळालं होतं, त्यांच्यात पुढे मानसिक आणि वर्तनाच्या तक्रारी जास्त आढळल्याचं फिनलंडमधल्या मोठ्या पाहणीत २०२० मध्ये दिसलं. कारण स्टेरॉइडच आहे असं अशा पाहणीतून सिद्ध होत नाही, पण सावध व्हायला ते पुरेसं आहे. चौतीस आठवड्यांनंतर दिल्यास बाळाची रक्तातली साखर जन्मानंतर उतरते, हे अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलेलंच आहे. परत परत दिल्यास बाळाचं वजन घटतं. दुसरीकडे, ज्या आयांना खरी गरज होती त्यांच्या मुलांचा पाठपुरावा ऑकलंडमध्ये तीस वर्षांपर्यंत झाला आणि बुद्धीत, शिक्षणात फरक आढळला नाही. तेव्हा गरज असेल तर भिऊ नये आणि नसेल तर मागू नये.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे अजूनही घराघरांत ऐकू येतं. त्यात तथ्य नाही. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतं आणि जास्त जगतं. हे मी ठासून लिहितो, कारण या एका समजापायी आठव्या महिन्यातलं बाळ दूरच्या दवाखान्यात न्यायला काही घरं मागेपुढे करतात.

२०२० या एका वर्षात भारतात तीस लाखांहून जास्त बाळं सदतीस आठवड्यांच्या आत जन्मली. जगात सगळ्यात जास्त. त्यांतली बहुतेक फक्त थोडी लवकर आलेली असतात, त्यांना ऊब आणि आईचं दूध एवढं पुरतं. आईच्या उघड्या छातीशी बाळाला तासन्तास बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये सुरू झाली ती काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. २०२१ मध्ये कळलं, की बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मल्याबरोबर हे सुरू केलं तर मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी होतात. आपल्याकडे सोयर-विटाळाच्या नावाखाली आईला आणि बाळाला वेगळं ठेवलं जातं तिथे हे आधी पोचायला हवं. बाप, आजी, मावशी, कुणाच्याही छातीशी चालतं.

फार लवकर जन्मलेली बाळं मात्र घरी आली म्हणजे संपलं, असं नसतं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर नको तशा रक्तवाहिन्या वाढू शकतात. डोळा बाहेरून चांगला दिसतो, बाळ दिव्याकडे वळतंही, आणि आत दृष्टी जात असते. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत पडद्याच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागतात. वेळेत सापडलं तर लेझरने दृष्टी वाचते. दवाखान्यातून सुट्टी घेताना कागदावर ती तारीख लिहून मागावी. बारसं, पाचवी, गावची जत्रा, काहीही मधे आलं तरी ती चुकवू नये.